निळी हापशी

"ताई, आ करा," असं म्हणत इंदूनं माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातलाच. मी अजून जीपमधून धड उतरलेही नव्हते. एक पाय आत, एक बाहेर, काखेत कापडी बॅनरची गुंडाळी.

"कसला प्रसाद हा?" मी खोबरं चावत विचारलं.

"घ्या! मलेच इचारता?" ती पदर सावरत हसली. "हापशीचा. परवा नारळ फोडला आमी. सासू म्हणे, पाण्यावाल्या मॅडम येतीन, त्यायच्या वाटचा राखून ठेव."

"हापशीला नारळ? तो कशाला?"

"सुधरली ना आपली हापशी!"

मी वस्तीच्या तोंडाशी बघितलं. गेलं दीड वर्ष त्या हापशीची दांडी आणि तोटी भडक लाल होती. आता ती डोक्यापासून पायापर्यंत निळी झाली होती. नवा कोरा, उन्हात चकाकणारा ऑइल पेंट. दांडीला झेंडूची माळ घातलेली, ओट्यावर नारळाची शेंडी पडलेली.

"कोणी रंगवली ही?"

"तुमीच ना?" इंदूचं हसू अजून तसंच होतं. "म्हंजे तुमच्याच मानसायनं. आमाले तर लय आनंद झाला बाई."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते खोबरं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी शहरातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडी करत होते. विषय भूजल. संस्थेचे संचालक डॉ. पळसुले हेच माझे मार्गदर्शक. सावळापूर हे विदर्भातलं टेकडीच्या कुशीतलं गाव माझ्या वाट्याला आलं होतं. गावात हापशा चार-पाच. बाकीच्या ठीक होत्या, पण टेकडीखालच्या वस्तीतल्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड फार होतं. दिसायला पाणी नितळ, चवीला गोड. पण लहानपणापासून ते पोटात गेलं की मुलांचे पक्के दात तपकिरी डागांचे येतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं की माणसाची मान आणि पाठ लाकडासारखी ताठ होते. इंदूच्या सासऱ्यांना आभाळाकडे बघायचं असेल तर खाटेवर आडवं व्हावं लागायचं.

इंदू टेकामला दोन मुलं. थोरली सुमन तेव्हा दहा-अकरा वर्षांची, हुशार, पाठांतरात पहिली. पण तिचे दात कात खाल्ल्यासारखे. शाळेत पोरं तिला 'ए पानवाली' म्हणून हाक मारायची. त्यामुळे ती बोलताना, हसताना, अगदी बाराखडी म्हणतानासुद्धा तळवा तोंडावर धरायची. धाकटा गणू तीन वर्षांचा. त्याचे दुधाचे दात तांदळासारखे स्वच्छ होते. पक्के दात अजून हिरड्यांत तयार होत होते, आणि पुढची काही वर्षं तो कोणतं पाणी पितो यावर ते कसे निघणार हे ठरणार होतं. इंदूला हे एकदा समजलं आणि तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

"सुमनचं झालं ते झालं," ती मला म्हणायची. "पण याचे दात वाचले पायजेत, ताई. बस, बाकी मले काई नको."

समजावून सांगणं मात्र सोपं गेलं नव्हतं. आमच्या संस्थेची लोकांना समजावण्याची पद्धत म्हणजे अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवायचा. इंग्रजीत. खाली संचालकांची सही, वर संस्थेचं बोधचिन्ह. शेळ्यांनी तो खाल्ला, तेवढाच त्याचा गावाला उपयोग झाला. मग मी मराठीत सभा घेतली. तिथंही माझ्या तोंडून 'अनुज्ञेय मर्यादा' आणि 'दीर्घकालीन सेवन' असलंच काहीतरी निघालं. सगळे शांतपणे ऐकत होते, जसे कीर्तनात बसतात तसे. शेवटी इंदूची सासू पार्वताबाई उठल्या.

"बाई, थे सारं ठीक हाय. पण शाळेजवळच्या हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाई. या आमच्या पाण्यात दोन उकळ्यात मऊ होते. चहा बी ह्याचाच गोड. अन् तुमी म्हणता हेच वाईट? ही कोणती विद्या काढली तुमी?"

बरोबरच होतं त्यांचं. फ्लोराइडचं पाणी बहुतेकदा मऊच असतं. प्रयोगशाळेत हे मला माहीत होतं, पण डाळ शिजवणाऱ्या बाईला ते कसं दिसतं हा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. तेव्हापासून मी सभा बंद केल्या आणि चुलीपाशी बसायला लागले. घरोघरची न शिजलेली डाळ खाल्ली. रात्री डाळ भिजत घालायची, चिमूटभर सोडा घालायचा, हे बायकांनीच ठरवलं. खुणेचंही त्यांनीच ठरवलं. वाचता सगळ्यांना येत नाही, पण पाणी भरताना दांडीला हात लावावाच लागतो. म्हणून दांडी लाल करायची आणि तोटीही लाल.

रंग दिला त्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर मी सांगितलं होतं, "हापशी लाल आहे तोवर हे पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही. धुणी धुवा, भांडी घासा, अंगण शिंपा. पण प्यायला आणि स्वैपाकाला शाळेजवळचंच. ज्या दिवशी हे पाणी सुधारेल त्या दिवशी आम्ही स्वतः येऊन रंग बदलू."

"अशा गोष्टी वाऱ्यावर बोलत नाईत," पार्वताबाई म्हणाल्या होत्या. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

मी गणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं.

आणि मग त्या बायकांनी जे केलं ते बघून मला माझ्या प्रबंधाची लाज वाटायची. नाला ओलांडून, उन्हाळ्यात तापलेल्या खडकावरून, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून त्या डोक्यावर घागरी घेऊन शाळेजवळून पाणी आणत राहिल्या. दारात हापशी असताना! एकीनंही फसवाफसवी केली नाही. नवी सून आली की पहिल्या दिवशी तिला आधी देव दाखवायचे आणि मग लाल हापशी. पोरांनी तर खेळच काढला होता, पळापळीत लाल दांडीला हात लागला की राज्य. माझ्या शोधनिबंधांचं एक पानसुद्धा कोणी इतकं मन लावून वाचलं नसेल.

आणि आता ती हापशी निळी झाली होती. पाणी सुधारलेलं नव्हतं. महिन्यापूर्वीच मी ते तपासलं होतं.

"इंदू, हे पाणी कोणी प्यायलं का?"

"पिऊन राहिले ना सारे. परवापासून." मग तिला माझा चेहरा दिसला. "काहून? काय झालं ताई?"

पुढं पार्वताबाई ओट्याजवळ उभ्या होत्या, कडेवर गणू. त्यांच्या हातात पितळी लोटा होता आणि गणू त्यातून घटाघट पाणी पीत होता.

"पाहा मॅडम," त्या कौतुकानं म्हणाल्या, "हाय का नाई गोड? पायाले आराम पडला बाई. देव तुमचं भलं करो."

त्यांच्या हातातला लोटा मी काढून घेतला आणि पाणी ओतून दिलं. त्या बघतच राहिल्या. "जरा थांबा," एवढंच मी बोलू शकले. "मी विचारून येते."

त्या दिवशी गावात आमच्या संस्थेचाच कार्यक्रम होता. विज्ञान दिनानिमित्त 'विज्ञान तुमच्या दारी'. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पाहुणे येणार म्हणजे गाव देखणं दिसलं पाहिजे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला कमरेपर्यंत गेरू आणि त्यावर चुन्याचा पट्टा. दगडांना चुना. शाळेच्या फाटकाला चुना. एक म्हातारा बैल उगाच आडवा आला असता तर त्यालाही चुना लागला असता.

सरपंच देवराव ढोले मांडवाच्या खांबाला फुगे बांधत होते. भला माणूस. सगळ्यांना खूश ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"सरपंच, वस्तीतली हापशी निळी कोणी केली?"

"झकास दिसते ना?" ते म्हणाले. "सगळ्याच केल्या. एकसारख्या. दोन डबे लागले."

"ती लाल होती! का होती ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांचा फुगा हातातून सुटला. "आता मॅडम, माझ्यावर कायले तापता? मले माहीत होतं म्हणूनच मी ती सोडून बाकीच्या रंगवा म्हटलं होतं. पण तुमच्याच हापिसातून फोन आला. खुद्द मोठ्या साहेबायचा. म्हणे दिल्लीचे पाहुणे येऊन राहिले, फोटो निघतीन, लाल हापशी बरी दिसत नाही. सगळ्या निळ्या करा. मी म्हटलं, साहेब, त्या पाण्याचं काय? तर म्हणे ते आम्ही पाहून घेऊ."

"आणि तुम्ही वस्तीत कोणाला सांगितलं नाही?"

"मले वाटलं तुमी सांगतलं असंन," ते म्हणाले. "तुमचंच तर काम हाय थे."

मी मांडवाच्या मागं जाऊन उभी राहिले. दीड वर्ष! एका रंगावर उभा केलेला दीड वर्षाचा विश्वास, आणि एका माणसानं फोटो चांगला यावा म्हणून तो दोन डबे रंगात बुडवला होता.

थोड्या वेळानं गाड्या आल्या. डॉ. पळसुले उतरले, खादीचा नवा झब्बा, गळ्यात उपरणं. सोबत दिल्लीहून आलेले तिघं. 'विज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या' संस्थेला एक पुरस्कार द्यायचा होता, आणि तो कोणाला द्यावा ते बघायला हे आले होते. त्यांच्यापैकी कोणालाच मराठी येत नव्हतं.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, हापशीचा रंग तुम्ही बदलायला लावलात?"

"हो. छान झालंय. अगदी फ्रेश."

"सर, लोक ते पाणी पितायत. त्यांना वाटतंय पाणी सुधारलं."

त्यांनी आधी पाहुण्यांकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला. "अल्का, दोन-चार दिवसांत कोणाचे दात काळे होत नाहीत. हे तूच लिहिलंयस ना? मग? उद्या ये आणि सावकाश सांग त्यांना."

"मी त्यांना शब्द दिला होता. पाणी सुधारल्याशिवाय रंग बदलणार नाही म्हणून."

"शब्द संस्थेनं दिला होता का? तू दिलास." ते हसले. ते हसू मी आजही विसरलेले नाही. "हे बघ, लाल रंगानं नकारात्मक संदेश जातो. पाहुण्यांना समस्या दाखवायची नसते, उपाय दाखवायचा असतो. लोकांपर्यंत विज्ञान नेणं म्हणजे त्यांना आशा देणं. आणि माहितीचं म्हणशील तर ती सगळी माझ्या स्लाइडमध्ये आहे. आकड्यांसकट."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात जेवून हा माणूस मोठा झाला होता. मी काही बोलायच्या आत ते पाहुण्यांना घेऊन हापशीकडे निघालेही. झेंडूची माळ घातलेली हापशी बघून दिल्लीकर हरखून गेले. संस्थेचा छायाचित्रकार पुढं सरसावला.

"सर, एखादं लहान मूल हवं. पाणी पिताना."

इंदू तिथंच उभी होती, गणूला घेऊन. मोठ्या साहेबांनी हात पुढं केले, तिनं मूल खाली सोडलं. काय करणार ती? पळसुल्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि स्वतःच्या हातानं दांडी हापसायला सुरुवात केली. पाणी खळखळून आलं.

"पी बेटा, पी. ओंजळ कर. हां, अशी. कॅमेऱ्याकडे बघून हस."

गणूनं ओंजळ केली, तोंडाला लावली आणि हसला. कॅमेरा खटखटला. मी धावत गेले, त्याला उचललं आणि त्याचे ओले हात माझ्या ओढणीनं पुसले.

"अरे, आमच्या अल्काला मुलांचा फार लळा," पळसुले पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले. सगळे हसले.

"ताई," इंदू हळूच म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पाणी सुधरलं नाई का?"

"नाही."

तिनं गणूला माझ्याकडून घेतलं. मांडवात जाऊन बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली.

कार्यक्रम झाला तसा झाला. भरदुपारी प्रोजेक्टर लावल्यामुळे पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. पळसुले मात्र तिथं काठी टेकवून तासभर बोलले. पीपीएम, आलेख, दिल्लीसाठी मध्येमध्ये इंग्रजी. "विज्ञान हे जनसामान्यांच्या भाषेत गेलं पाहिजे," हे वाक्य ते तीनदा बोलले, आणि तिन्ही वेळा त्यातला अर्धा भाग इंग्रजी होता. कोणती हापशी वाईट, हे त्या तासाभरात एकदाही आलं नाही. समोर बाटलीबंद पाणी होतं, ते घोट घोट पीत होते.

आता आपल्याकडं कोणत्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन हे असतंच, आणि ते सगळ्यांत कनिष्ठ माणसाच्या गळ्यात पडतं. ते कोणी ऐकत नाही. मागची माणसं चपला शोधायला लागतात, पुढची जेवणाच्या पंगतीकडे बघतात. त्या दिवशी ते काम माझ्याकडं होतं.

मी माइक हातात घेतला.

"पाहुण्यांचे आभार," मी म्हटलं. "सरपंचांचे आभार. झाडांना गेरू लावणाऱ्यांचे आभार. आणि वस्तीतल्या हापशीला निळा रंग देणाऱ्यांचे तर विशेष आभार. कारण तो रंग नसता तर मला आज बोलायलाच मिळालं नसतं. पार्वताबाई, इंदू, कोणी उठू नका. तुमची हापशी सुधारलेली नाही. पाणी होतं तसंच आहे, वाईट. ते पोटात जाऊ देऊ नका. रंग बदलला तो फोटोसाठी. पाणी तपासून नाही. आमच्या संस्थेनं बदलायला लावला. तुम्ही काही चुकला नाहीत. तुम्ही सांगितलेलं तंतोतंत पाळलंत. खोटं आमच्याकडून झालं."

मागं चपला शोधणारी माणसं होती तिथंच थांबली.

दिल्लीच्या एका पाहुण्यानं पळसुल्यांकडे वाकून काहीतरी विचारलं. माइक चालू होता, त्यामुळे उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. इंग्रजीत ते म्हणाले, "ती गावातल्या बायकांचे आभार मानते आहे. या गावाशी तिचं फार जवळचं नातं आहे, म्हणून भावुक झाली."

तिघांनीही टाळ्या वाजवल्या. मनापासून. एकानं तर उभं राहून.

मी त्यांना इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात माइक बंद झाला. कोणी केला ते मला कधीच कळलं नाही, पण दिल्लीकर जेवायला उठले होते आणि पळसुल्यांचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

गाववाल्यांपैकी कोणी टाळी वाजवली नाही. पार्वताबाई उठून माझ्याजवळ आल्या.

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं होतं तुमी," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग?"

मी तशीच बाहेर पडले. शाळेच्या भिंतीला उरलेल्या गेरूची बादली पडली होती. ती उचलली आणि वस्तीत गेले. ब्रश नव्हता, हातानंच गेरू लावायला लागले. माळ तोडून टाकली, दांडी लाल केली, तोटी लाल केली. गेरू ऑइल पेंटवर बसत नव्हता, ओघळत होता, तरी लावत राहिले. बायका भोवती जमल्या होत्या.

"ताई," इंदू म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "हा लाल खरा कशावरून?"

माझा हात थांबला.

"निळा बी तुमच्याच लोकायनं लावला. हा बी तुमीच लावून राहिल्या. उद्या आणखी कोणी साहेब आला अन् पिवळा लावला, त आमी काय समजाचं? माह्या लेकराचे दात हायेत, ताई. तुमचे कागद नाईत."

इतक्या वर्षांत कोणत्याही परीक्षकानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. मी गेरूचे हात ओट्यावर पुसले आणि जीपमधून तपासणीची पेटी आणली. ती संस्थेची होती, बाहेर कोणाच्या हाती द्यायची नाही असा नियम होता.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं. "संस्थेवर तर अजिबात नको. हे घे."

काचेच्या दोन नळ्या होत्या. एकीत शाळेजवळचं पाणी आणवलं, दुसरीत या हापशीचं. बाटलीतल्या औषधाचे थेंब कसे टाकायचे ते दाखवलं आणि बाटली तिच्याच हातात दिली. इंदूनं थेंब टाकले. शाळेजवळचं पाणी गुलाबी झालं. वस्तीतलं बघता बघता पिवळं पडलं.

"गुलाबी ते प्यायचं. पिवळं पडलं की नाही," मी म्हटलं.

पार्वताबाईंनी दोन्ही नळ्या उन्हात धरून बघितल्या. मग त्यांनी मला बाजूला सारलं, शाळेकडून पुन्हा पाणी आणायला लावलं, आणि सुनेकडून सगळं पुन्हा करून घेतलं. पुन्हा तेच झालं. तेव्हा कुठं त्या इंदूला म्हणाल्या, "घागर घे."

पेटी मी परत नेली नाही. सोमवारी पळसुल्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शिस्तभंग, संस्थेची बदनामी, शासकीय साहित्याचा अपहार, सगळं एका दमात म्हणाले. प्रबंध त्यांनी आणखी दोन वर्षं अडवून धरला आणि मला ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांची धूळ झाडायला बसवलं. पदवी मिळाली त्याच दिवशी मी राजीनामा दिला आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागले.

पुरस्कार मात्र संस्थेलाच मिळाला. लोकांपर्यंत विज्ञान प्रभावीपणे पोचवल्याबद्दल. त्यानिमित्त एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर निळी हापशी, झब्ब्यातले पळसुले, आणि ओंजळीनं पाणी पिणारा, हसणारा गणू.

त्यानंतरही मी सावळापूरला जातच राहिले, औषधाच्या नव्या बाटल्या घेऊन. वस्तीतल्या बायकांनी आपला रिवाज पाडला होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात ना, त्या दिवशी सगळ्यांसमोर आधी पाणी तपासायचं. पिवळं पडलं की शिंगांच्या डब्यातला लाल रंग हापशीच्या दांडीला. साहेब येवो की मंत्री येवो, तो रंग कोणाच्या बापाची हिंमत नव्हती बदलायची. नंतरच्या एका सरपंचानं प्रयत्न केला तेव्हा पार्वताबाईंनी त्याला काठी दाखवली म्हणे.

गणू आठ वर्षांचा झाला त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मला संस्थेतून फोन आला. कोणी नवी जनसंपर्क अधिकारी होती. आवाज फार गोड.

"मॅडम, तुम्ही अजून सावळापूरला जाता असं कळलं. आम्ही पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतोय. मुखपृष्ठावरचा तो मुलगा आहे ना, त्याचा आत्ताचा फोटो हवा होता. हसताना, दात दिसतील असा. त्याचे दात पांढरे आहेत ना? मग तेच तर आमचं यश आहे."

दुसऱ्या दिवशी मी इंदूच्या अंगणात बसून हे सगळं तिला सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. गणू जवळच बैलाच्या शिंगाला रंग देत होता. त्याचे पुढचे पक्के दात आले होते, शुभ्र, डाग नाही. त्यासाठी इंदू सहा-सात वर्षं नाला ओलांडून घागरी वाहत होती. आणि आता त्याच दातांचा फोटो त्यांना हवा होता.

"देऊ नको, ताई," इंदू म्हणाली. "कायले द्याचा?"

"मी नाहीच देणार."

सुमन दारात उभी होती. सोळा वर्षांची झाली होती, तालुक्याला कॉलेजात जायची. नेहमीसारखा तिचा तळवा तोंडावर होता. ती पुढं आली.

"द्या ना फोटो," ती म्हणाली. "याचा नको. माझा द्या."

"सुमे!" इंदू ओरडली.

"त्यायले हसतानाच पायजे ना? दात दिसले पायजेत ना?" सुमन हापशीपाशी जाऊन उभी राहिली. लाल दांडीवर एक हात ठेवला आणि तोंडावरचा दुसरा खाली घेतला. "काढा."

तिला तसं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी संस्थेला पाठवला.

'चुकून दुसराच फोटो आला आहे, कृपया मुलाचा पाठवावा,' असा निरोप आला. तेव्हापासून दर विज्ञान दिनाच्या आधी तो निरोप येतो. आणि दरवेळी मी सुमनचाच फोटो पाठवते.